साय गेली कुठे?

(मंडळाच्या स्नेहसभेत केलेले भाषण)



दिल्लीत बिऱ्हाड केलेल्या मराठी गृहिणींची एक तक्रार आमच्या कानी वरचेवर येते : दुधाला साय धरत नाही, तेव्हा त्यात पाणी असलेच पाहिजे. मग सायीच्या सोसाने सीलबंद पिशवी सोडून उघडे दूध घेतले जाते. आम्ही पडलो बी. ए. आणि सरकारी फायलींतले. तरीही या समजुतीची शहानिशा करणे आम्हांस अगत्याचे वाटले.

दूध म्हणजे पाण्यात विखुरलेले स्निग्धांशाचे सूक्ष्म थेंब. शास्त्रात अशा मिश्रणास 'पायस' म्हणतात. तेल आणि पाणी यांचे मुळात जमत नाही. परंतु एका अंगाने पाण्याला व दुसऱ्या अंगाने स्निग्धाला धरणारा मध्यस्थ लाभला, की दोघे एकत्र नांदतात. दुधात थेंबांभोवतीचे पातळ आवरण हे काम करते. थेंब पाण्याहून हलके असल्याने सावकाश वर येतात आणि तापवून निवविलेल्या दुधावर साय धरते.

१८९९ साली ओग्युस्त गोलँ या फ्रेंच गृहस्थाने दूध प्रचंड दाबाने अरुंद फटीतून दवडण्याचे यंत्र काढले. त्यात तीन-चार मायक्रॉनांचे थेंब फुटून एका मायक्रॉनच्या आसपास येतात. व्यास निम्मा झाला, की वर चढण्याचा वेग चौथाई होतो. अशा 'होमोजिनाइज्ड' दुधात स्निग्धांश असतो. तो वर येत नाही, इतकेच. टोन्ड दुधात तो तीन टक्के, तर फुलक्रीममध्ये सहा टक्के असावा लागतो.

लोणी काढताना नेमके उलट घडते. घुसळल्याने आवरणे फाटतात, स्निग्धांश एकवटतो व पाणीच त्यात थेंबरूपाने अडकते. त्यासाठी स्निग्धांश फार कडक नको, वितळलेलाही नको. म्हणूनच आपल्या आया थंडीत कोमट आणि उन्हाळ्यात गार पाणी घालीत. दिल्लीच्या जानेवारीत व मे महिन्यात ही रीत अधिकच पाळावी लागते.

मात्र तेल, पाणी व धुण्याची पावडर घुसळून केलेले बनावट दूधही पायसच असते आणि तितकेच पांढरे दिसते! तेव्हा साय नाही म्हणून दूध खोटे ठरत नाही आणि पांढरेपणावरून ते खरे ठरत नाही. पिशवीवरील मजकूर वाचावा. शंका आल्यास दूध प्रयोगशाळेतच तपासून घ्यावे.

शेवटी एवढेच, की एकत्र नांदायला धरून ठेवणारा कुणीतरी लागतो. या परमुलखात आम्हां मराठी कुटुंबांसाठी मंडळाने ते काम पन्नास वर्षे केले, याबद्दल आम्ही कृतज्ञ आहोत.