रिकाम्या मैदानांचा हंगाम
(मंडळाच्या गणेशोत्सव व्याख्यानमालेत दिलेल्या भाषणाचा मजकूर)



गोव्यात उभे राहून फुटबॉलवर बोलायचे म्हणजे पणजीच्या बाजारात मासळी कशी ओळखावी हे सांगण्यासारखे आहे. तेव्हा आधीच सांगतो, आम्ही आज बोलणार आहोत तो फुटबॉल आपला नव्हे. तो अमेरिकेतला. चेंडू लांबट, पायापेक्षा हाताचे काम जास्त, आणि समोरासमोर दोन रांगा डोके खाली घालून एकमेकांवर आदळणार. आपल्यापैकी बऱ्याच घरांतली मुले तिकडच्या विद्यापीठांत शिकतात. शनिवारी फोन केला तर मागे आरडाओरडा ऐकू येतो, तो याच खेळाचा. हा खेळ २०२० च्या साथीत कसा खेळला गेला, तो खेळायचा असे कोणी ठरवले आणि त्याचा धोका कोणी उचलला, एवढाच आजचा विषय आहे.

कॉलेजचा खेळ म्हटल्यावर आपल्या डोळ्यांपुढे आंतरमहाविद्यालयीन सामने येतात. मूठभर प्रेक्षक, अर्धी सुट्टी, लिंबूसरबत. तिकडे तसे नाही. मिशिगन विद्यापीठाच्या मैदानात एक लाखाहून अधिक माणसे बसतात. अलाबामा विद्यापीठाचे प्रशिक्षक निक सेबन यांचे त्या वर्षीचे मानधन ९० लाख डॉलरांहून अधिक होते. दूरदर्शनचे हक्क, तिकिटे, देणग्या या सगळ्यांवर विद्यापीठाचा क्रीडा विभाग चालतो. पोहणे, टेनिस, जिम्नॅस्टिक हे खेळ फुटबॉलच्या कमाईवर जगतात. आणि जो मुलगा मैदानात डोके आपटून घेई त्याला तेव्हा पगार नव्हता. शिष्यवृत्ती मिळे, राहणे-जेवण मिळे. पण नियमाने तेव्हा तो विद्यार्थी, हौशी खेळाडू होता. २०२० मध्ये तर स्वतःच्या नावावर जाहिरात करून चार पैसे मिळवण्याचीही त्याला मुभा नव्हती. ती जुलै २०२१ मध्ये मिळाली. ही एक गोष्ट लक्षात ठेवली की पुढचे सगळे समजते.

दुसरी गोष्ट अशी की, खेळायचे की नाही हे ठरवणारी एकच मध्यवर्ती संस्था तिथे नव्हती. विद्यापीठांचे गट असतात, त्यांना कॉन्फरन्स म्हणतात, आणि वरच्या पातळीच्या फुटबॉलमध्ये प्रत्येक गट आपापला राजा. हार्वर्ड, येल वगैरेंच्या आयव्ही लीगने ८ जुलैलाच पावसाळ्यानंतरचे सगळे खेळ रद्द केले. त्यांना परवडते, असे लोक म्हणाले, आणि ते खोटे नव्हते. त्याच दिवशी स्टॅनफर्ड विद्यापीठाने खर्चाचे कारण देऊन आपले ११ खेळ कायमचे बंद करण्याची घोषणा केली. (पुढच्या वर्षी ती मागे घेतली, तो भाग वेगळा.)

११ ऑगस्टला बिग टेन आणि पॅक-१२ या दोन मोठ्या गटांनी हंगाम पुढे ढकलला. कारण हृदयाचे सांगितले गेले. कोविडनंतर काही तरुणांच्या हृदयाच्या स्नायूला सूज आढळत होती. ओहायो स्टेट विद्यापीठाने बाधित होऊन गेलेल्या २६ खेळाडूंची हृदयतपासणी केली, तेव्हा चौघांत तशी चिन्हे दिसली. संख्या लहान, निष्कर्ष कच्चा. पण ज्या आईबापांची मुले त्या संघात होती त्यांना २६ आणि चार हे आकडे कसे वाटले असतील?

तुम्हाला वाटेल, पालक म्हणाले असतील, बंद करा. झाले उलटेच! पालक घोषणा देत उभे राहिले की आमच्या मुलांना खेळू द्या. नेब्रास्काच्या आठ खेळाडूंनी गटावर दावा लावला. ओहायो स्टेटच्या जस्टिन फील्ड्सने सह्यांची मोहीम काढली. क्लेमसनचा ट्रेव्हर लॉरेन्स म्हणाला की संघात असताना आमची तपासणी होते, वेळेवर जेवण मिळते. घरी पाठवलेत तर कित्येक मुले जिथे परत जातील तिथे धोका जास्त आहे. हा युक्तिवाद आम्हाला सहज झटकून टाकता येत नाही. टाळेबंदीत मुलांना शाळेतल्या मध्यान्ह भोजनाला मुकावे लागले, ते आपण इथे पाहिले आहे. पण याच ऑगस्टच्या सुरुवातीला पॅक-१२ मधल्या खेळाडूंचा एक गट दुसरेच बोलत होता. आम्ही खेळू, पण आरोग्याची हमी द्या, आणि आमच्या घामावर जो पैसा येतो त्यात वाटा द्या. पहिल्या मागणीला टाळ्या मिळाल्या. दुसरीवर तेव्हा फारसे कोणी बोलले नाही.

निवडणुकीचे वर्ष होते. १ सप्टेंबरला राष्ट्राध्यक्ष ट्रम्प यांनी बिग टेनच्या आयुक्तांना स्वतः फोन केला. १६ सप्टेंबरला बिग टेनने निर्णय फिरवला, आठ दिवसांनी पॅक-१२ नेही. ऑगस्टमध्ये ११ विरुद्ध ३ मतांनी थांबवलेला हंगाम सप्टेंबरमध्ये एकमताने सुरू! मधल्या महिन्यात रोजच्या रोज झटपट चाचण्या करता येऊ लागल्या, हे खरे कारण होते. दक्षिणेतले गट थाटात खेळायला निघाले होते, हेही कारण होते. बाधित खेळाडूने किमान २१ दिवस मैदानात उतरायचे नाही आणि हृदयाची तपासणी करूनच परतायचे, असा नियम झाला. त्याच सप्टेंबरमध्ये पेनसिल्व्हेनियातल्या एका लहानशा कॉलेजचा २० वर्षांचा फुटबॉलपटू कोविडनंतरच्या गुंतागुंतीने गेला. त्याच्या कॉलेजचा हंगाम तर रद्दच झालेला होता. म्हणजे तो खेळायला गेला म्हणून गेला असे म्हणता येत नाही, आणि तरुणांना काही होत नाही असेही म्हणता येत नाही.

आता आपल्या गोव्याकडे वळू. त्याच हिवाळ्यात इंडियन सुपर लीगचा सगळा हंगाम गोव्यात झाला. फातोर्डा, बांबोळी आणि वास्कोचे टिळक मैदान, ११ संघ, ११५ सामने, गॅलरीत माणूस नाही. २० नोव्हेंबरला सुरू झाले आणि १३ मार्चला फातोर्ड्यावर मुंबई सिटीने शेवटच्या मिनिटातल्या गोलने चषक नेला. संघ हॉटेलांत बंद, हॉटेल ते मैदान एवढाच प्रवास. याला बबल म्हणत. अमेरिकेतल्या व्यावसायिक बास्केटबॉलनेही हेच केले. मग कॉलेज फुटबॉलने का नाही केले? एक तर संघ अवाढव्य. शिष्यवृत्तीवरचेच ८५ खेळाडू, वर इतर. पण खरी अडचण शब्दाची होती. विद्यार्थ्यांना चार महिने हॉटेलात कोंडले, वर्गापासून तोडले, तर मग ते विद्यार्थी कसले? ते नोकर झाले, आणि नोकराला पगार द्यावा लागतो. म्हणून मुले वसतिगृहात राहिली, बाजारात गेली, वाढदिवसांना गेली, आणि शनिवारी विमानाने दुसऱ्या राज्यात खेळायला गेली.

व्हायचे तेच झाले. शंभराहून अधिक सामने रद्द झाले किंवा पुढे गेले. लॉरेन्स स्वतः ऑक्टोबरअखेर बाधित झाला आणि दोन सामने बाहेर बसला. त्यातल्या दुसऱ्या सामन्यात, ७ नोव्हेंबरला, नोत्र दाम विद्यापीठाने क्लेमसनला ४७-४० असे हरवले आणि हजारो विद्यार्थी कठडे ओलांडून मैदानात घुसले. टीव्हीवर ते दृश्य पाहणाऱ्याला साथ संपली असे वाटावे. प्रशिक्षक सेबन यांची ऑक्टोबरमधली चाचणी चुकीची पॉझिटिव्ह निघाली, नोव्हेंबरमधली खरी. मिशिगन आणि ओहायो स्टेट यांचा वार्षिक सामना तर झालाच नाही. गंमत पाहा, हा सामना १९१८ पासून एकाही वर्षी चुकला नव्हता. म्हणजे इन्फ्लुएंझाच्या साथीच्या वर्षी सुरू झालेली माळ कोविडच्या वर्षी तुटली. १९१८ मध्येही साथीपायी आणि युद्धापायी हंगाम तोकडा झाला होता. मिशिगनने जेमतेम पाच सामने खेळले. त्या वर्षीचा जॉर्जिया टेकच्या मैदानातला एक फोटो आहे. गॅलरीतली माणसे तोंडाला कापड बांधून बसली आहेत. २०२० मध्ये तो फोटो घराघरांत फिरला.

नियमांची लवचीकताही बघण्यासारखी होती. बिग टेनच्या अंतिम सामन्यासाठी किमान सहा सामने हवेत, असे ठरले होते. ओहायो स्टेटचे पाचच झाले. मग ९ डिसेंबरला नियमच बदलला! पुढे ते राष्ट्रीय अंतिम सामन्यापर्यंत गेले आणि ११ जानेवारी २०२१ ला अलाबामाकडून ५२-२४ असे हरले. पासष्ट हजारांच्या मैदानात तेव्हा पंधरा हजारांच्या आत माणसे होती. कॅलिफोर्नियाने खेळाडूंच्या घरच्यांनाही मैदानात बसू दिले नाही म्हणून रोज बोल हा मानाचा सामना टेक्सासला हलवला गेला. याआधी तो एकदाच हलला होता, १९४२ मध्ये, पर्ल हार्बरनंतर.

या सगळ्यात एक गोष्ट आम्हाला मनापासून आवडली. व्हँडरबिल्ट विद्यापीठाचे चेंडू लाथाडणारे खेळाडू विलगीकरणात गेले. लाथ मारणारा आणायचा कुठून? मुलींच्या संघाची, म्हणजे आपल्या फुटबॉलची, गोलरक्षक सॅरा फुलर हिला विचारले. तिचा संघ नुकताच आपल्या गटाची स्पर्धा जिंकला होता. २८ नोव्हेंबरला ती मैदानात उतरली आणि पाच बड्या गटांतल्या सामन्यात खेळलेली पहिली स्त्री ठरली. दोन आठवड्यांनी तिने गुणही मिळवले. गोलरक्षकाची लांब किक ही काय चीज असते हे गोव्यातल्या माणसाला सांगायला नको.

काहींनी खेळायला साफ नकार दिला. मायका पार्सन्स, जमार चेस, पेने सुवेल यांनी हंगाम सोडला आणि तरीही पुढच्या एप्रिलमध्ये व्यावसायिक संघांनी तिघांनाही पहिल्या फेरीतच उचलले. पण हे नकार देऊ शकले कारण ते उत्तम होते. संघातल्या साठाव्या क्रमांकाच्या मुलाने नकार दिला असता तर? शिष्यवृत्ती जाणार नाही असे त्याला कागदावर सांगितले होते. जागा राहील असे कागदावर कोण लिहून देणार?

त्या हंगामात खेळलेल्या सर्वांना पात्रतेचे एक वर्ष जास्त मिळाले. त्यामुळे पुढची काही वर्षे चोविशी-पंचविशीतले कॉलेजकुमार मैदानात दिसत राहिले आणि शाळेतून नव्याने येणाऱ्या मुलांना जागा कमी पडली. आणि जून २०२१ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने नऊ विरुद्ध शून्य असा निकाल दिला की शिक्षणाशी निगडित लाभांवर या संघटनेला मर्यादा घालता येणार नाही. तो खटला साथीच्या आधीचाच. पण रिकाम्या मैदानांत मुलांना खेळवलेले सगळ्या देशाने नुकतेच पाहिले होते.

आरतीची तयारी झालेली दिसते. कोणाला काही विचारायचे असेल, विशेषतः ज्यांची मुले तिकडे तेव्हा वसतिगृहात होती त्यांनी काही सांगायचे असेल, तर प्रसाद घेतल्यावर आम्ही इथेच आहोत.