पायांवरची सूज आणि रात्रीची धाप

इंदूरच्या रामबागेतील एखादे जुने मराठी बिऱ्हाड डोळ्यांसमोर आणावे. घरातील वडीलधारे गृहस्थ सेवानिवृत्त आहेत, प्रकृतीने काटक आहेत. एके दिवशी सायंकाळचा फेरफटका आटोपून ते जोडे काढतात, तेव्हा मोज्यांच्या वरच्या काठाचा वण घोट्यावर खोल उमटलेला दिसतो. बोटाने दाबून पाहिले तर खळगा पडतो आणि तो भरून यायला बराच अवकाश लागतो. घरात चर्चा सुरू होते. कोणी म्हणते, हा उतारवयाचा परिणाम. कोणाच्या मते वाताचा जोर. शेजारचे स्नेही पुनर्नव्याच्या काढ्याची शिफारस करतात. अखेर चिरंजीव कोपऱ्यावरच्या औषधाच्या दुकानातून ‘पाणी उतरवण्याची गोळी’ आणतात. दोन दिवसांत लघवी भरपूर होते, सूज ओसरते आणि सारे घर निश्चिंत होते.

खरा धोका या निश्चिंतपणात असतो. सूज ओसरली, परंतु ती का आली होती हा प्रश्न कोणी विचारलाच नाही. महिन्याभराने तेच गृहस्थ रात्री दोनच्या सुमारास घाबरे होऊन उठून बसतात, खिडकी उघडायला सांगतात आणि आडवे पडताच जीव गुदमरतो अशी तक्रार करतात.

‘निदान’ या शब्दाचा मराठीत मोठा गमतीचा प्रवास झाला आहे. संस्कृतात निदान म्हणजे मूळ कारण. रोगांच्या कारणांचा आणि लक्षणांचा विचार करणारा ‘माधवनिदान’ हा ग्रंथ वैद्यांच्या पिढ्यान्‌पिढ्यांनी अभ्यासला. त्यात श्वास, शोथ आणि उदर या तिन्ही विकारांना स्वतंत्र प्रकरणे आहेत. आपण मात्र बोलण्यात ‘निदान’ म्हणजे ‘कमीत कमी’ असा अर्थ रूढ केला. सूज आलेल्या रोग्याच्या बाबतीत हे दोन्ही अर्थ एकत्र येतात, कारण त्याच्यासाठी कमीत कमी जे करावयाचे ते म्हणजे कारणाचा शोध होय.

हा शोध अवघड का, हे समजण्यासाठी सूज कशी येते ते पाहिले पाहिजे. नव्या मातीच्या माठातून पाणी पाझरते, तद्वत शरीरातील अत्यंत बारीक केशवाहिन्यांतून रक्तातील पाणी सतत बाहेर झिरपत असते. रक्ताचा दाब त्याला बाहेर ढकलतो आणि रक्तातील प्रथिने त्याला आत ओढून धरतात. या ओढाताणीचा हिशेब अर्नेस्ट स्टार्लिंग या इंग्रज शास्त्रज्ञाने १८९६ मध्ये मांडला. दाब वाढला, प्रथिने घटली, वाहिन्यांची भिंतच सच्छिद्र झाली अथवा जादा पाणी वाहून नेणाऱ्या रसवाहिन्या तुंबल्या, तर पाणी ऊतींत साठते. कारणे चार आणि दिसणारे फळ मात्र एकच! घोट्याजवळ खळगा पडेपर्यंत शरीरात दोन-तीन लिटर जादा पाणी जमलेले असू शकते, म्हणजे रोग दारात दिसू लागण्यापूर्वीच माजघरात शिरलेला असतो.

या एका फळावरून झाड ओळखण्याची कला अनुभवी डॉक्टरांना प्रश्नांतून साधते. सूज प्रथम कोठे आली? सकाळी उठताच पापण्या जड आणि चेहरा फुगलेला असेल, तर संशय मूत्रपिंडाकडे वळतो. दिवसभर उभे राहिल्यावर संध्याकाळी घोटे सुजत असतील, तर हृदयाचा विचार आधी करावा लागतो. पोट आधी मोठे झाले व पाय नंतर सुजले, तर यकृताची चौकशी करावी लागते. एकच पाय अचानक सुजून दुखू लागला, तर शिरेत रक्ताची गुठळी झाली असण्याचा संभव असतो. त्याला दम लागण्याची जोड मिळाली, तर गुठळीचा तुकडा फुफ्फुसात जाऊन पोचला की काय, हे तातडीने पाहावे लागते. एक साधा प्रश्न तर फारच मोलाचा असतो: झोपताना उशा किती लागतात? पूर्वी एका उशीवर झोपणारा मनुष्य आता तीन उशांवर रेलून रात्र काढत असेल, तर त्याच्या फुफ्फुसांत पाणी साठू लागले आहे असे मानण्यास जागा असते. आडवे होताच पायांतील पाणी रक्तात परतते आणि दुबळ्या हृदयाला तो भार सोसत नाही.

हल्लीच्या काळात आणखी एक प्रश्न आवर्जून विचारावा लागतो, तो म्हणजे कोणकोणत्या गोळ्या चालू आहेत हा. गुडघेदुखीसाठी मनाने घेतलेल्या वेदनाशामक गोळ्या शरीरात मीठ आणि पाणी अडवून धरतात. रक्तदाबावरील काही गुणकारी औषधांनीही घोटे सुजतात. अशा वेळी पाणी उतरवण्याची गोळी देणे म्हणजे एका औषधाची चूक दुसऱ्या औषधाने झाकणे होय. आणि इंदूरच्या श्रोत्यांना शेवेविषयी काही सांगणे धाडसाचेच आहे. तथापि ज्याचे हृदय वा मूत्रपिंड अशक्त झाले आहे, त्याच्या ताटातील शेव, पापड आणि लोणचे यांतील मिठाचाही हिशेब या चौकशीत घ्यावाच लागतो.

प्रश्नांनंतर हाताची आणि कानाची पाळी येते. छातीवर बोटांनी ठोकून पाहण्याची रीत ऑस्ट्रियातील लिओपोल्ड औएनब्रुग्गर याने १७६१ मध्ये प्रसिद्ध केली. तो खानावळवाल्याचा मुलगा होता. पिपात मद्य कोठवर आहे हे ठोकून ओळखण्याची पद्धत त्याच्या परिचयाची होती. भरलेले पीप बद्द वाजते, तशीच पाण्याने भरलेली छातीही. छातीच्या एकाच बाजूस असे पाणी आढळले, तर आपल्या देशात क्षयरोगाची शंका प्रथम घ्यावी लागते आणि सुईने थोडे पाणी काढून तपासावे लागते. लेनेकने १८१६ मध्ये पॅरिसला कागदाची सुरळी रुग्णेच्या छातीला लावली आणि तीतून स्टेथॉस्कोपचा जन्म झाला. लंडनच्या गाय रुग्णालयातील रिचर्ड ब्राइट याने तर चमचा आणि मेणबत्ती यांवरच काम भागवले: सूज आलेल्या रोग्याची लघवी चमच्यात घेऊन तापवली, की काहींच्या लघवीत अंड्याच्या पांढऱ्या बलकासारखा साका धरे. अशा रोग्यांची मूत्रपिंडे मृत्यूनंतर बिघडलेली आढळत. १८२७ मध्ये त्याने हे प्रसिद्ध केले आणि ‘जलोदर’ या एका नावाखाली कोंबलेल्या रोगांपैकी एक वेगळा झाला. विशेष हे की, त्यापूर्वी १७८५ मध्ये विल्यम विदरिंग याने डिजिटॅलिस ही वनस्पती सूजेवर गुणकारी असल्याचे दहा वर्षांच्या अनुभवाने दाखवले होते; पण ती काही रोग्यांनाच का लागू पडते, हे त्यालाही उमगले नव्हते. ज्यांची सूज हृदयामुळे होती त्यांना ती लागू पडत असे. औषध हाती होते, निदान हाती नव्हते!

आपल्याकडील कारणे पाश्चात्य पुस्तकांतील क्रमाने येत नाहीत, हे येथे सांगणे अवश्य आहे. तरुण सून गरोदरपणात दम लागतो म्हणून येते आणि तपासणीत तिच्या हृदयाची झडप आकुंचित झालेली सापडते; लहानपणी घसा दुखून सांधे सुजले होते, ही गोष्ट तिच्या आईला मग आठवते. त्या संधिवाती ज्वराने सांधे सोडून दिले, परंतु हृदय धरून ठेवले. ज्या मुलांना हा ज्वर एकदा होऊन गेला आहे, त्यांना ठरावीक मुदतीने वर्षानुवर्षे पेनिसिलिनचे इंजेक्शन देऊन पुढील हानी टाळता येते. मुलगा आता बरा आहे असे समजून ते बंद करणे ही मोठी चूक होय.

रक्तक्षयाचेही तसेच. रक्त फारच उतरले तर धाप लागते, पाय सुजतात आणि हृदय मोठे होते. ल्युसी विल्स या इंग्रज विदुषी १९२८ मध्ये मुंबईस आल्या आणि परळच्या हाफकिन संस्थेत त्यांनी गिरणी कामगार स्त्रियांच्या गरोदरपणातील तीव्र रक्तक्षयाचा अभ्यास केला. जंतूंचा शोध व्यर्थ ठरल्यावर त्यांनी या स्त्रियांच्या आहाराकडे लक्ष वळवले आणि यीस्टच्या अर्काने त्या सुधारतात असे १९३१ मध्ये प्रसिद्ध केले. त्या अर्कातील अज्ञात गुण पुढे फोलिक अॅसिड म्हणून ओळखला गेला. आज गर्भवतीच्या हाती पडणाऱ्या गोळीचा एक धागा असा परळच्या चाळींपर्यंत पोचतो.

परंतु कारणाच्या शोधाची सर्वांत बोधक कथा आहे ती मोहरीच्या तेलाची. १८७७ मध्ये कलकत्त्यास एक विलक्षण साथ उद्भवली. घरातील एकामागून एक माणसांचे पाय सुजत, कातडी लालसर होई, हगवण लागे, थोड्याशा चालण्याने धाप लागे आणि काही रोगी हृदय निकामी होऊन दगावत. पुढे मॉरिशसमधील हिंदी वस्तीतही ही साथ दिसली. पुष्कळ वर्षे वैद्यकवेत्ते तिला बेरीबेरी समजत. बेरीबेरीत मज्जातंतू बिघडतात, येथे ते शाबूत असत; तरीही भात हाच गुन्हेगार मानला गेला. अॅक्टन आणि रामनाथ चोप्रा यांच्यासारख्या मान्यवर संशोधकांनीही साठवणीच्या तांदळात जंतूंमुळे विष तयार होते, असे मत १९२० नंतरच्या दशकात मांडले.

मात्र घरोघरच्या चौकशीत वेगळेच चित्र दिसू लागले. एका चुलीवर जेवणारे एकत्र आजारी पडत, आईच्या दुधावरची तान्ही मुले वाचत आणि मोहरीचे तेल न खाणारे लोक सुटत. १९२६ मध्ये सरकार नावाच्या बंगाली डॉक्टरांनी एका काटेरी तणाच्या बियांकडे बोट दाखवले. मूळ मेक्सिकोचे हे तण पिवळ्या फुलांचे असून महाराष्ट्रात त्यास पिवळा धोत्रा म्हणतात. माळव्यात रेल्वेच्या रुळांकडेला आणि पडीक रानांत ते सर्रास उगवते व तिकडचे लोक त्याला ‘सत्यानाशी’ म्हणतात. नाव ठेवणाऱ्याला त्याचा गुण ठाऊक असावा! त्याची बी काळसर व मोहरीएवढी असते, पिकते मोहरीच्याच हंगामात, आणि त्यामुळे अजाणता अथवा जाणूनबुजून घाण्यात जाऊन पडते. १९३७ मध्ये लाल आणि रॉय यांनी या तेलाचा आणि साथीचा संबंध पुराव्यानिशी मांडला. १९३९ मध्ये मनुष्यावर प्रत्यक्ष प्रयोग करून हा रोग तेलाने होतो, असे दाखवणारा निबंध प्रसिद्ध झाला. त्यावरील नावांत अग्रभागी रामनाथ चोप्रा यांचेच नाव होते. तांदळाचा पक्ष घेतलेल्या माणसाने तेलाच्या बाजूने साक्ष द्यावी, यात शास्त्राचा प्रामाणिकपणा आहे, आणि त्या विषाच्या शोधाइतकाच तोही कौतुकास पात्र आहे.

सँग्विनारिन या त्या विषाने केशवाहिन्या रुंदावतात व पाझरू लागतात. म्हणजे माठाची भिंतच सच्छिद्र होते. म्हणून अशा रोग्याला पाणी उतरवण्याच्या औषधांनी तात्पुरता आराम पडला, तरी घरातील तेलाचा डबा बदलल्याखेरीज तो बरा होणे कठीण. कारण सापडूनही साथ संपली नाही, ही त्याहून खेदाची गोष्ट. १९९८ च्या ऑगस्टमध्ये दिल्लीत भेसळीच्या तेलाने साठांहून अधिक माणसे दगावली आणि हजारो आजारी पडली. रसायनशाळेत नायट्रिक आम्लाने तेलाला येणारा लालसर रंग संशय दर्शवतो, परंतु अल्प भेसळ त्याला सापडत नाही. कागदी क्रोमॅटोग्राफी तीही पकडते. मराठी घरांत शेंगदाण्याच्या तेलाची चाल असल्यामुळे हा धोका कमी, पण चंबळकाठच्या मोहरीच्या मुलखातून येणारे सुटे तेल वापरणारी कुटुंबे इंदुरातही आहेत. एकाच घरातील दोघा-तिघांचे पाय एकदम सुजले, तर डॉक्टरांना तेलाचा डबा आवर्जून दाखवावा.

इंदुरात १८७८ मध्ये वैद्यकीय शाळा निघाली आणि १९४८ मध्ये महात्मा गांधी वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले. त्याला जोडलेल्या महाराजा यशवंतराव रुग्णालयात माळवा-निमाडातून रोगी येतात. लघवी, हिमोग्लोबिन, क्रिएटिनिन, छातीचे क्ष-किरण चित्र, हृदयाचा विद्युत् आलेख आणि ध्वनिलहरींनी काढलेले हृदयाचे चित्र एवढ्या तपासण्यांत बहुतेक कारणे उघड होतात. यंत्रांची आज वाण नाही. रोगी घरून काय माहिती घेऊन येतो, यावर मात्र पुष्कळसे अवलंबून राहते.

म्हणून रामबागेतील त्या गृहस्थांनी एक वही करावी. रोज सकाळी लघवी झाल्यावर व न्याहारीपूर्वी, एकाच काट्यावर वजन करून ते टिपावे. दोन-तीन दिवसांत दोन किलो वजन वाढले तर ते चरबीने वाढलेले नसून पाण्याने वाढले आहे असे समजावे आणि डॉक्टरांकडे जावे. उशा किती लागल्या, जिना चढताना कितव्या पायरीवर थांबावे लागले, सूज सकाळची की संध्याकाळची, कोणत्या गोळ्या घेतल्या, हेही लिहावे. आणि छातीत दुखू लागले, ओठ निळे पडले अथवा खोकल्यातून गुलाबी फेस आला, तर उजाडण्याची वाट न पाहता रोग्याला बसत्या स्थितीतच ठेवून १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. वही तेवढी बरोबर न्यावी.