ताप आलेला डॉक्टर कामावर का येतो?

कुणी भाकरी थापत असेल, कुणी शिलाई मशीनवर बसली असेल, हातातलं काम चालू ठेवा आणि ऐका. आम्ही बचत गटांचं काम बघणाऱ्या बाया. कर्ज, हप्ते, शेळ्या, पापड यांवर आजवर आम्ही पुष्कळ बोललो. आज विषय जरा वेगळा आहे, पण तोही बैठकीतच निघाला.

लसीकरणाला जाऊन आलेल्या दोघी सांगत होत्या की डॉक्टरसाहेबच खोकत होते, डोळे लाल झाले होते, अंगात ताप दिसत होता. एक म्हणाली, "बिचारे, दुखणं अंगावर काढून आले." दुसरीच्या मांडीवर दीड महिन्याचं बाळ. ती म्हणाली, "बिचारे कसले? माझ्या लेकराला लागलं म्हणजे?" दोघी आपापल्या जागी बरोबरच होत्या.

बाळाच्या आईची भीती फुकटची नाही. फ्लूचा ताप आलेला माणूस ताप यायच्या एक दिवस आधीपासून पुढे पाच-सात दिवस दुसऱ्याला लागण देऊ शकतो. सहा महिन्यांच्या आतल्या बाळाला फ्लूची लस देता येत नाही. म्हातारी माणसं, गरोदर बाया, दमेकरी, मधुमेही यांना हाच फ्लू जड जातो. आणि दवाखान्यात येतं कोण? हीच माणसं. म्हणून फ्लू झालेल्या आरोग्य कर्मचाऱ्यानं तापाची गोळी न घेता अंगातला ताप उतरल्यावर निदान चोवीस तास तरी कामावर येऊ नये, असा सल्ला असतो. गोळी घेऊन ताप दाबला की अंग हलकं वाटतं, पण लागण द्यायचं थांबत नाही.

मग हे डॉक्टरांना कळत नाही का? कळतं. अमेरिकेत फिलाडेल्फिया शहरात मुलांचं एक मोठं रुग्णालय आहे. तिथल्या डॉक्टरांना आणि वरच्या दर्जाच्या परिचारिकांना हाच प्रश्न विचारला होता, आणि त्याचा अभ्यास २०१५ साली छापून आला. आजारी असताना काम केलं तर रुग्णाला धोका आहे, हे शंभरातल्या ९५ जणांनी मान्य केलं. आणि तरीही वर्षभरात एकदा तरी आजारी असताना कामावर आलो, असं सांगणारे शंभरात ८३ निघाले. कारण काय, तर सोबत्यांवर भार पडतो, हे जवळजवळ सगळ्यांनी सांगितलं. माणसं कमी आहेत, रुग्ण ताटकळतील, हेही बहुतेकांनी सांगितलं. आणि शंभरातल्या चौसष्टांना सोबती नावं ठेवतील, दूर सारतील, याचीही धास्ती होती. एवढ्या श्रीमंत देशात ही गत, तर आपल्याकडची काय सांगावी?

आपल्याकडचं आम्हाला कळलं ते एका ताईंकडून. त्या आमच्या एका गटाच्या सचिव. मुलगा एमबीबीएस होऊन पुढचं शिकायला एका सरकारी वैद्यकीय महाविद्यालयात गेला. शिकायला गेला म्हणायचं, पण रुग्णालय चालतं त्याच्यासारख्यांच्या जिवावर. यांना निवासी डॉक्टर म्हणतात. मोठ्या सरकारी रुग्णालयात रात्री दोन वाजता तुमच्या पेशंटला सलाईन लावणारा, रक्त काढणारा, नातेवाइकांची बोलणी खाणारा जो पोरगा किंवा पोरगी दिसते ना, तेच. ताईंनी फोन केला तर मुलाचा आवाज बसलेला, अंगात ताप. त्या म्हणाल्या, "अरे, दोन दिवस घरी ये, काढा देते." तो म्हणाला, "आई, मी नाही गेलो तर माझा वॉर्ड माझ्या जोडीदाराकडे जाईल. तो कालच्या सकाळपासून जागा आहे."

त्यानं आणखीही सांगितलं. पहिल्या वर्षाच्या डॉक्टरवर सगळ्यात जास्त काम, आणि रजा मागायला तोंड उघडायची हिंमतही त्याचीच सगळ्यात कमी. रजेच्या अर्जावर ज्यांची सही लागते, परीक्षेच्या वेळी तेच समोर असतात. वरचे म्हणतात, "आमच्या वेळी आम्ही सलाईन लावून ड्युटी केली." हे ऐकलं की आम्हाला घरातलीच बोलणी आठवतात. "आम्ही बाळंत झाल्यावर दहाव्या दिवशी शेतात गेलो होतो" असं म्हणणारी सासू कुणाला भेटली नाही? स्वतः सोसलं म्हणून पुढच्यानं सोसावं, हा न्याय काही फक्त चुलीपाशीच चालत नाही, तो शिकल्यासवरल्या लोकांतही चालतो.

आणि एक गंमत, म्हणजे गंमत नाहीच. डॉक्टर स्वतःच स्वतःला तपासतो. घसा दुखला की "काही नाही, धुळीनं झालं" म्हणून पॅरासिटामॉल घेतो आणि निघतो. दुसऱ्या डॉक्टरपुढं पेशंट म्हणून बसायची त्याला लाज वाटते. मोठ्या रुग्णालयांत क्षयरोगाचे पेशंट रोज येतात, तिथं राबणाऱ्या डॉक्टरांना, परिचारिकांनाही क्षयरोग होतो. दोन आठवड्यांच्या वर खोकला राहिला तर बेडका तपासून घ्या, असं ते आपल्याला सांगतात. स्वतःचा खोकला मात्र मोजत नाहीत.

नियम नाहीत असं नाही. केंद्र सरकारच्या १९९२ च्या निवासी डॉक्टरांच्या योजनेत लिहिलं आहे की सलग बारा तासांपेक्षा जास्त काम साधारणपणे देऊ नये, आठवड्याचे ४८ तास. राष्ट्रीय वैद्यक आयोगाच्या २०२३ च्या नियमांत वर्षाला किमान २० दिवस पगारी नैमित्तिक रजा आहे. आठवड्याची एक सुट्टीही आहे, पण कामाची निकड बघून. आता सरकारी रुग्णालयात निकड नाही असा दिवस कुठला? शिवाय ८० टक्के हजेरी लागते, आणि रजा जास्त झाली तर शिक्षण तेवढं लांबू शकतं.

आमच्या गटांत बैठकीला न आल्यास दंड आहे, तुम्हाला माहीतच आहे. आजारी असेल तर दंड माफ, पण हप्ता कुणाच्या तरी हाती पाठवायचा. या "कुणाच्या तरी हाती" वरच सगळं चालतं. जाऊबाई येते, मुलगी येते, शेजारीण येते. बाई घरी पडून राहते आणि गटाचा हिशोबही अडत नाही. डॉक्टरची रजा कागदावर आहे, पण त्याचं काम कुणाच्या हाती पाठवायचं याची सोयच नाही. मग ते काम जातं आधीच दमलेल्या सोबत्याकडं, नाहीतर रांगेतल्या आपल्याकडं. आमच्या मते सगळी गोम इथंच आहे. डॉक्टरला "तू हट्टी आहेस" किंवा "तू देवमाणूस आहेस" म्हणून काही होणार नाही.

आणि रांगेतले आपण कसे वागतो? एसटीचं तिकीट काढून, दिवसाची मजुरी बुडवून आलेलो असतो. खुर्ची रिकामी दिसली की तोंड सुटतं, "पगार फुकट घेतात." राग चुकीचा नाही, खुर्ची रिकामी राहायलाच नको. पण त्या खुर्चीत दुसरं कुणी का नाही, हे विचारायला हवं. तालुक्याच्या गावात खासगी दवाखाना चालवणाऱ्याची गोष्ट निराळी, त्याचं दार बंद झालं की पेशंट पलीकडच्या दारी जातो आणि मशीनच्या कर्जाचा हप्ता तर थांबत नाही.

सगळ्यात वाईट अवस्था आपल्या आशाताईंची. २००५ पासून त्या गावोगाव फिरतात, पण सरकारी भाषेत त्या स्वयंसेविका. कामावर मोबदला. ताप आला म्हणून घरी राहिली तर त्या दिवसाचं सर्वेक्षण बुडालं, पैसेही बुडाले. तीच मग तापात बाळंतिणीच्या घरी जाऊन बाळाचं वजन करते.

आपल्या हातात काय आहे? प्राथमिक आरोग्य केंद्राला रुग्ण कल्याण समिती असते, गावाला ग्राम आरोग्य, पोषण, पाणीपुरवठा व स्वच्छता समिती असते, आणि या समित्यांत गटाच्या बायाही असतात. नुसती सही करून चहा पिऊन येऊ नका. विचारा, डॉक्टरांची मंजूर पदं किती, भरलेली किती? डॉक्टर आजारी पडले तर त्या दिवशी कुठून कोण येणार, हे लिहून ठेवलं आहे का? लसीकरणाच्या दिवशी सिस्टर आजारी असेल तर दुसऱ्या उपकेंद्राची सिस्टर येईल का? आशाताईला आजारपणात मोबदला मिळावा, असा ठराव ग्रामसभेत घेता येतो, तोही वर पाठवा.

आणि तोवर, डॉक्टर खोकत असतील तर "साहेब, मास्क लावता का, लेकरू लहान आहे" असं म्हणायला भिऊ नका. त्यात अपमान नाही. तुम्ही खोकत असाल तर तुम्हीही पदर तोंडाशी धरा.

रुग्ण कल्याण समितीला द्यायचा अर्ज आम्ही तयार केला आहे. वर सांगितलेले प्रश्न त्यात आहेत, शेवटी सह्यांची जागा सोडली आहे. ग्रामसंघाच्या खोलीत हजेरीपटाशेजारीच ठेवला आहे. ज्यांना सही करायची आहे त्यांनी येत्या बैठकीला येताना थोडं लवकर यावं. ज्यांना बरं नाही त्यांनी येऊ नये, निरोप पाठवावा, आमच्यापैकी कुणीतरी कागद घेऊन घरी येईल.