वृद्धांचा दिवस आणि आपली जबाबदारी

(बेलवली येथे शिक्षक, ग्रामपंचायत सदस्य व शासकीय कर्मचारी यांच्यासमोर केलेल्या भाषणाचा संपादित भाग)



वृद्ध मातापित्यांच्या सेवेचा विषय निघाला की आपल्याला श्रावणबाळाची आठवण होते. शासनानेही आपल्या निवृत्तिवेतन योजनेला त्याचेच नाव दिले आहे. परंतु कावड खांद्यावर घेणाऱ्या त्या श्रावणाला सकाळची लोकल गाठावयाची नव्हती. आपल्या बेलवली-बदलापुरातील मुलाला व सुनेला ती गाठावी लागते. म्हणूनच आज मी भक्तिभावाविषयी न बोलता घरातील कामाच्या वाटणीविषयी बोलणार आहे.

कुळगाव-बदलापूरची लोकसंख्या २००१ साली लाखाच्या आत होती. २०११ च्या जनगणनेत ती पावणेदोन लाखांच्या घरात गेली. येथे घर परवडते, परंतु नोकरी असते ठाण्याला अथवा मुंबईला. मुंबईचे टोक येथून सुमारे ६८ किलोमीटरवर आहे. सकाळी सातला बाहेर पडलेला माणूस रात्री आठ-नऊला परततो. हे तेरा-चौदा तास घरातील वृद्ध कसे घालवतात, हाच आपल्यासमोरील खरा प्रश्न आहे. पुष्कळ घरांत सत्तरीची पत्नी पंचाहत्तरीच्या पतीला उचलून बसवीत असते. इतरत्र एखादी सून नोकरी सोडून घरी राहते आणि तिच्या त्या श्रमांची कोठेही नोंद होत नाही.

२०११ च्या जनगणनेनुसार साठ वर्षांवरील व्यक्तींचे प्रमाण देशात शेकडा ८.६, तर महाराष्ट्रात शेकडा ९.९ होते. हे प्रमाण वाढतच जाणार आहे. तेव्हा हा प्रश्न एखाद्या कुटुंबाच्या दुर्दैवाचा म्हणून बाजूस सारता येणार नाही.

घरातील साध्या गोष्टी

वृद्धापकाळातील अनेक संकटे साध्या दक्षतेने टाळता येतात. पहिले संकट पडण्याचे. रात्री लघवीला उठताना अंधारात पाय घसरतो, खुब्याचे हाड मोडते आणि चालता-फिरता माणूस अंथरुणाला खिळतो. न्हाणीघरात धरावयास दांडी, ओली न राहणारी फरशी, खाटेपासून शौचालयापर्यंत मंद दिवा आणि वाटेतील सुटी चटई काढून टाकणे, एवढ्याने हा धोका बराच कमी होतो. मोतीबिंदूची शस्त्रक्रिया वेळेवर करून घेणे हाही पडण्यावरील एक उपाय आहे.

दुसरी गोष्ट औषधांची. चालू असलेल्या सर्व औषधांची एकच यादी करून ती भिंतीवर लावावी आणि प्रत्येक डॉक्टरला दाखवावी. बरे वाटू लागले म्हणून रक्तदाबाची गोळी स्वतःहून बंद करू नये. तोंड एका बाजूस वाकडे होणे, एक हात लुळा पडणे, बोलणे अडखळणे ही पक्षाघाताची लक्षणे होत. रक्ताची गुठळी विरघळविणारे इंजेक्शन साधारणपणे साडेचार तासांच्या आतच देता येते. म्हणून मुलगा कामावरून येईपर्यंत थांबणे घातक ठरते. शेजाऱ्याने रुग्णाला तत्काळ मोठ्या रुग्णालयात हलवावे.

कालपर्यंत नीट बोलणारी आजी आज एकाएकी भ्रमिष्टासारखी वागू लागली, तर ‘वयच झाले’ म्हणून सोडून देऊ नये. मूत्रमार्गाचा संसर्ग, शरीरातील पाणी कमी होणे अथवा एखादे औषध हे त्याचे कारण असू शकते आणि त्यावर उपचार होतो. अंथरुणाला खिळलेल्या रुग्णाची कूस दर दोन तासांनी बदलावी, तसेच त्याला बसवूनच अन्न भरवावे.

सेवा करणाऱ्याची काळजी

ही सर्व कामे करणारी व्यक्ती बहुधा एकच असते आणि ती बहुधा स्त्री असते. तिची झोप मोडते, कंबर दुखते, लग्नकार्य चुकते. ती थकली की सेवाही थकते. म्हणून कुटुंबाने कामाची वाटणी करावी. बाहेरगावच्या भावाने पैसे पाठविले म्हणजे त्याचे कर्तव्य संपले, असे मानू नये; वर्षातून काही दिवस त्याने येऊन राहावे आणि वहिनीला मोकळे करावे. आईवडिलांची जबाबदारी मुलाइतकीच मुलीचीही आहे, हे २००७ च्या आईवडील व ज्येष्ठ नागरिक यांच्या चरितार्थ व कल्याणासंबंधीच्या कायद्यानेही मान्य केले आहे. महाराष्ट्रात हा कायदा २००९ पासून अंमलात आला. निर्वाहासाठी अर्ज न्यायाधिकरणाकडे करता येतो. सांभाळण्याच्या अटीवर घर नावावर करून घेतले आणि पुढे सांभाळले नाही, तर ते हस्तांतरण रद्द करून घेता येते. अर्थात कायदा शेवटचा आधार आहे. त्याच्या आधीची पायरी आपल्या हाती आहे.

आपण काय करू शकतो?

निर्धन वृद्धांना मिळणाऱ्या निवृत्तिवेतनाची रक्कम २०२३ साली दरमहा १,५०० रुपये करण्यात आली. परंतु लाभार्थ्याला दरवर्षी हयातीचा दाखला द्यावा लागतो. जो उठू शकत नाही, त्याने कार्यालयाच्या पायऱ्या कशा चढावयाच्या? तलाठी व ग्रामसेवक बंधूंनी अशांच्या घरी स्वतः जाऊन पडताळणी करावी, ही माझी आग्रहाची विनंती आहे. सत्तर वर्षांवरील सर्वांना, उत्पन्नाची अट न घालता, वार्षिक पाच लाख रुपयांपर्यंतच्या उपचारांची सोय २०२४ साली आयुष्मान भारत योजनेत झाली; त्याची कार्डे काढून देण्यासाठी ग्रामपंचायतीने एक दिवस द्यावा. २०१०-११ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय वृद्ध आरोग्यसेवा कार्यक्रमात प्राथमिक आरोग्य केंद्रांत आठवड्यातून एकदा वृद्धांची तपासणी अपेक्षिलेली आहे. आपल्या केंद्रात ती कोणत्या वारी होते, हे सदस्यांनी विचारावे आणि तो वार फलकावर लिहवून घ्यावा. अडचणीत सापडलेल्या ज्येष्ठांसाठी १४५६७ हा दूरध्वनी क्रमांक आहे; तोही त्याच फलकावर असावा.

शिक्षकांना एकच सांगणे आहे. एखादी मुलगी वारंवार गैरहजर राहत असेल, तर घरी आजारी आजीजवळ ती बसते काय, याची चौकशी करावी. त्या घराला दटावणीची नव्हे, मदतीची गरज असते.

प्रत्येक वाडीने व प्रत्येक गृहसंकुलाने दिवसा एकट्या असणाऱ्या वृद्धांची यादी करावी. दुपारी एकदा दार ठोठावून विचारपूस करणारा शेजारी, किल्ली कोणाकडे आहे याची माहिती आणि मुलाच्या कार्यालयाचा दूरध्वनी क्रमांक, एवढी व्यवस्था करण्यास निधी लागत नाही, शासननिर्णयाचीही वाट पाहावी लागत नाही. आपापल्या वस्तीतील ही यादी या महिनाअखेरपर्यंत तयार करावी, अशी विनंती करून मी आपली रजा घेतो.