पडल्यानंतरची शर्यत

चाळिशी जवळ येत असता एखाद्याचे हाड मोडले, की घरोघरी एकच सल्ला ऐकू येतो : 'आता पुरे झाले.' ह्या सल्ल्यात माया असते, व्यवहारही असतो. तो सर्वस्वी चुकीचा आहे असे कोणी म्हणणार नाही. परंतु श्रोतेहो, तो न मानणाऱ्या एका स्त्रीची हकीकत ऐकण्यासारखी आहे.

आनेमीक व्हान व्ल्यूटन ही हॉलंडची. तिचा जन्म ८ ऑक्टोबर १९८२ चा. प्रथम ती फुटबॉल खेळत असे. गुडघा दुखावल्यामुळे तो खेळ सुटला आणि पंचविशीच्या सुमारास, म्हणजे इतरांच्या मानाने बरीच उशिरा, ती सायकलच्या शर्यतींत उतरली.

७ ऑगस्ट २०१६ रोजी रिओ येथे ऑलिंपिकमधील स्त्रियांची रस्त्यावरील शर्यत होती. डोंगराचा शेवटचा उतार लागला तेव्हा आनेमीक सर्वांच्या पुढे होती. रस्ता ओलसर, वळणे आखूड. अशा वेगात सायकलच्या टायरचा जेमतेम अंगठ्याएवढा भाग रस्त्याला टेकलेला असतो. स्वाराचा सारा जीव त्यावर तोललेला. एका वळणावर तिचा तोल गेला आणि ती रस्त्याच्या दगडी कडेवर आदळली. कमरेजवळच्या मणक्यांना तीन ठिकाणी मोड आली, मेंदूला जबर धक्का बसला. मागून आलेली तिचीच सहकारी आना व्हान डेर ब्रेखन पुढे निघून गेली व तिने सुवर्णपदक जिंकले. जी विजयस्तंभावर उभी राहावयाची, ती त्या रात्री रुग्णशय्येवर होती. वय तेहेतीस.

हाडे कालांतराने सांधतात. परंतु उतारावर ब्रेकवर गेलेले बोट कधी सोडावयाचे हे मनाने ठरवायचे असते, आणि एकदा कड्यावर आपटलेले मन ते सहजासहजी ठरवीत नाही. शर्यतीकडे परतणाऱ्याची खरी परीक्षा येथे असते. आनेमीक परतली. सप्टेंबर २०१७ मध्ये नॉर्वेतील बर्गन येथे, एकट्याने घड्याळाशी झुंजावयाच्या शर्यतीत ती जगज्जेती झाली. मागे पडलेल्या प्रतिस्पर्धिनींत दुसरी होती आना व्हान डेर ब्रेखन. अंतर अवघे बारा सेकंदांचे.

गोष्ट येथेच संपती तर ती पाठ्यपुस्तकात शोभली असती. पण दैव इतके नीटनेटके नसते. २०१८ साली इन्सब्रुक येथे तेच अजिंक्यपद तिने राखले आणि थोड्याच दिवसांनी तेथल्याच दुसऱ्या शर्यतीत पडून तिचे गुडघ्याजवळचे हाड मोडले. तशा पायाने तिने ती शर्यत पुरी केली व सातवी आली. पुन्हा विश्रांती, पुन्हा पहिल्या पायरीपासून आरंभ. पुढच्याच वर्षी इंग्लंडात यॉर्कशायरच्या रस्त्यांवर सुमारे १०५ किलोमीटर ती एकटीच सर्वांच्या पुढे धावली आणि जगज्जेती झाली.

२०२१ मधील टोकियो ऑलिंपिकचा प्रसंग तर विलक्षणच. त्या शर्यतीत स्वारांच्या कानात नभोवाणीचे यंत्र लावण्यास मनाई होती. ऑस्ट्रियाची आना कीझनहोफर कधीच पुढे निघून गेली आहे, हे आनेमीकला ठाऊक नव्हते. दोन्ही हात उंचावून, आपण जिंकलो अशा समजुतीने तिने रेषा ओलांडली; मिळाले होते रौप्यपदक. साऱ्या जगासमोर असे हसे झाल्यावर एखादी खचली असती. ह्या बाईने तीन दिवसांनी घड्याळाविरुद्धच्या शर्यतीत सुवर्णपदक मिळविले. तेव्हा तिचे वय ३८ होते.

परंतु तिची खरी रीत दिसली ती सप्टेंबर २०२२ मध्ये, ऑस्ट्रेलियातील वोलाँगाँग येथे. सांघिक शर्यतीच्या आरंभीच पडून तिच्या कोपराचे हाड मोडले. तीनच दिवसांनी मुख्य शर्यत. सीटवरून उठून, हातांवर भार देऊन पायडल मारणे तिला अशक्य होते. जोराची अखेरची धाव घेणे म्हणजे नेमके तेच. तेव्हा सहकारिणीस साहाय्य करावे, एवढ्याच बेताने ती निघाली. अखेरचा किलोमीटर आला तेव्हा पुढच्या घोळक्याला तिने मागून गाठले होते. इतर स्त्रिया एकमेकींकडे पाहत क्षणभर रेंगाळल्या आणि तिने त्याच क्षणी, बसल्या बसल्याच, वेग वाढविला. जे आपल्याला करता येत नाही त्याची वेळ येण्यापूर्वीच तिने शर्यत संपविली. चाळीस वर्षे पुरी होण्यास दोन आठवडे उरले होते.

ह्या विजयाला केवळ धाडस म्हणणे अपुरे होईल. तिच्यापाशी उत्तम वैद्य होते, संघ होता, सायकल हाच तिचा व्यवसाय होता. सर्वांना हे लाभत नाही. परतू न शकलेल्यांना म्हणूनच कोणी भित्रे समजू नये. २०२३ साली तिनेही आपणहून निवृत्ती पत्करली. पण तोवर तिने मोडलेल्या शरीराकडे पूर्वीचे शरीर परत मागितले नाही. जे उरले आहे त्याने काय साधेल, याचा हिशेब ती दर वेळी नव्याने मांडीत गेली. 'आता पुरे' असे कोणाला सांगण्यापूर्वी, तो हिशेब त्याने स्वतः मांडला आहे काय, एवढे विचारावे.