बँक, बेंच आणि बाक

श्रोतेहो, इंग्रजी शब्दांचे अर्थ पाठ करताना आपली मुलं दमून जातात. त्यातून एकाच शब्दाचे तीन-तीन अर्थ निघाले की हिरमुसतात. ‘बँक’ हाच शब्द घ्या. बँक म्हणजे पैशांची पेढी, हे सर्वांना ठाऊक आहे. पण धड्यात नदीची ‘बँक’ येते, तिथं अर्थ होतो काठ. आणि कर्जत स्टेशनात गाडीला मागून ‘बँकर’ लावतात, त्याचा तर पैशाशी काडीचाही संबंध नाही! मग हे तिघे एकमेकांचे कोण लागतात?

‘बँक’ या शब्दाचा एक जुना अर्थ आहे उंचवटा, मातीचा उतार. म्हणून उल्हास नदीचा काठ ही बँक आणि रेल्वेच्या भाषेत चढण हीसुद्धा बँक. आपला बोरघाट ही अशीच मोठी चढण. लोहमार्ग खोपोलीपर्यंत आला १८५६ साली. पण गाडी घाट चढून जायला १८६३ साल उजाडलं. काही ठिकाणी ३७ फूट पुढं गेलं की १ फूट वर, इतका तिथला चढ खडा आहे. अशा चढावर मागून रेटा देणारं इंजिन ते बँकर. २०२३ साली सुरू झालेली मुंबई-सोलापूर वंदे भारत त्याच्यावाचून चढते, पण अनेक गाड्यांना आजही ते लागतंच.

आता पैशांची बँक. याच शब्दाचं एक जुनं भावंड ‘बसायचं आसन’ या अर्थानं युरोपात रूढ होतं. इंग्रजीतला बेंच तो हाच. इटलीतले सराफ भर बाजारात बाक मांडून नाणी बदलून देत. इटालियन भाषेत त्या बाकाला ‘बांका’ म्हणत. बाकाचं नाव धंद्याला पडलं आणि फ्रेंचमधून ते पंधराव्या शतकाच्या अखेरीस इंग्रजीत पोचलं. दिवाळं निघालेल्या माणसाला इंग्रजीत ‘बँकरप्ट’ म्हणतात, त्याच्याही मुळाशी ‘मोडका बाक’ आहे. मुंबईत ‘बँक ऑफ बॉम्बे’ निघाली १८४० साली.

आणि शाळेतला आपला बाक? तोही याच घराण्यातला, बरं का! वसई-चौलच्या किनाऱ्यावर पोर्तुगीज होते, त्यांच्या ‘बांको’चा आपण बाक केला. पाव, बटाटा, चावी हे शब्दही त्यांच्याचकडचे. म्हणजे बँकर लागेपर्यंत आपण फलाटावर वडापाव खातो, त्यातला पाव आणि बटाटा हे या बाकाचेच सोबती.

गंमत अशी की, आपल्या लोकांनीही हाच विचार स्वतंत्रपणे केला होता. ‘पेढी’ हा शब्द संस्कृत ‘पीठ’, म्हणजे आसन, याच्या कुळातला. सराफ जिथं बसतो ती पेढी, न्यायाधीश जिथं बसतात ते खंडपीठ. इंग्रजीतही न्यायासनाला बेंचच म्हणतात.

तेव्हा गुरुजनहो, ‘बँक’ शिकवताना अर्थाची यादी फळ्यावर लिहू नका. आधी वर्गातला बाक दाखवा, मग नदीचा काठ, मग घाट. मूल शब्द विसरणार नाही.

आणि शेतकरी बंधु-भगिनींनो, तुमच्यासाठी यात एक गोष्ट आहे. बँकेत शिरताना आपल्यातले पुष्कळजण बिचकतात. समोर येईल त्या कागदावर न वाचता सही नाहीतर अंगठा करून मोकळे होतात. ती बँक मुळात बाजारातला एक बाक होता, हे ध्यानात ठेवा. बाकाच्या अलीकडे एक माणूस, पलीकडे दुसरा. आणि नाणी मोजायची ती दोघांनीही. कर्ज किती, व्याज किती, हप्ता कोणत्या महिन्यात, हे विचारायला संकोच कसला? कागद वाचता येत नसेल तर शाळेत जाणारी आपली मुलगी बरोबर न्या. तिनं वाचून सांगितलं, तुम्हाला पटलं, की मग सही करा.