राजाचा खर्च आणि प्रजेचा हिशेब



व्याख्यानमालेच्या चालकांनी आम्हाला विषय विचारला, तेव्हा आम्ही कामगार कायद्यांवर बोलू अशीच त्यांची समजूत असावी. आम्ही विषय कळवला तो इंग्लंडच्या राजघराण्याच्या जमाखर्चाचा. त्यावर चालकांपैकी एक गृहस्थ हसून म्हणाले, "अहो, तो राजा आपल्या मानगुटीवरून केव्हाच उतरला. त्याच्या चुलीवर काय शिजते, याची उठाठेव आता आपल्याला कशाला?"

प्रश्न रास्त आहे. म्हणून उत्तर आधी देतो आणि मग विषयाकडे वळतो. कामगार चळवळीत आम्ही एक गोष्ट शिकलो. दुसऱ्याच्या पैशाने ज्याचा संसार चालतो, त्याने हिशेब दिला पाहिजे. मग तो युनियनचा खजिनदार असो, देवस्थानचा पंच असो की सिंहासनावर बसलेला राजा असो. हा नियम जगातल्या एका जुन्या आणि दिमाखदार घराला लावून पाहिला, तर त्याची खरी परीक्षा होते. आपल्या गल्लीतल्या मंडळाला तो कसा लावायचा, हे मग आपोआप कळते.

प्रथम एक जुनी हकीकत सांगतो. १८९४ सालच्या २३ जूनला वेल्समधील ॲल्बियन नावाच्या कोळशाच्या खाणीत स्फोट झाला. २९० माणसे आणि पोरे त्यात मेली. त्याच दिवशी राजघराण्यात एक मुलगा जन्माला आला. पार्लमेंटमध्ये मुलाच्या जन्माबद्दल अभिनंदनाचा ठराव आला. तेव्हा केअर हार्डी नावाचा एक सभासद उभा राहिला. हा दहाव्या वर्षी खाणीत उतरलेला, पुढे स्वतःच्या हिमतीवर लिहायवाचायला शिकलेला माणूस. त्याचे मागणे एवढेच होते, की खाणीत मेलेल्यांच्या बायकापोरांसाठी सहानुभूतीचे चार शब्द ठरावात घाला. ते मान्य झाले नाही. मग त्याने एकट्याने ठरावाला विरोध केला. त्याच्या भाषणाचा आशय असा, की हे पोर खुशमस्कऱ्यांच्या गराड्यात वाढेल, आपण इतरांहून वेगळे आहोत हे त्याला शिकवले जाईल, त्याला जगप्रवासाला धाडले जाईल, आणि शेवटी सगळ्याचे बिल देश भरील. सभागृहाने त्याच्यावर आरडाओरडा केला.

त्या मुलाचे पुढे काय झाले? जगप्रवास झालाच. १९२१ सालच्या १७ नोव्हेंबरला युवराज म्हणून तो मुंबई बंदरात उतरला. शहरात हरताळ पडला, गिरणी कामगार रस्त्यावर आले, परदेशी कापडाच्या होळ्या पेटल्या, दंगल उसळली आणि माणसे मेली. १९३६ साली तो राजा झाला आणि त्याच वर्षी गादी सोडून गेला. केअर हार्डी काही ज्योतिषी नव्हता. जिथे हिशेब विचारण्याची चाल नसते तिथे काय होते, एवढेच त्याने सांगितले होते.

आता आकड्यांकडे वळू. आकडे रुक्ष असतात हे खरे. पण ज्याला पगाराची चिठ्ठी वाचता येते, त्याला राजाचा जमाखर्चही वाचता येतो.

१७६० साली तिसऱ्या जॉर्जने राजगादीच्या जमिनींचे उत्पन्न सरकारी तिजोरीकडे सोपवले आणि त्याबदली ठरीव वर्षासन पत्करले. ही पद्धत अडीचशे वर्षे चालली. २०११ साली नवा कायदा झाला. आता राजगादीच्या मालमत्तेला, म्हणजे क्राउन इस्टेटला, होणाऱ्या नफ्याशी टक्केवारीने बांधलेली रक्कम राजाला मिळते. राजवाड्यांची देखभाल, नोकरांचे पगार आणि सरकारी दौरे यांवर ती खर्च व्हायची असते. पहिल्या वर्षी, २०१२-१३ साली, ती ३ कोटी १० लाख पौंड होती. २०२५-२६ साली ती १३ कोटी २१ लाख पौंडांवर गेली. एका पौंडाचे शंभराहून अधिक रुपये होतात, हे ध्यानात घेऊन गुणाकार आपण घरी करावा.

ही वाढ कशी झाली? टक्केवारी आधी १५ होती. बकिंगहॅम राजवाड्याच्या ३६ कोटी ९० लाख पौंडांच्या दुरुस्तीसाठी २०१७ पासून ती २५ केली. पुढे समुद्रात पवनचक्क्या उभारणाऱ्या कंपन्यांकडून क्राउन इस्टेटला अफाट पैसा मिळू लागला, तिचा वर्षाचा नफा ११० कोटी पौंडांवर गेला, आणि टक्केवारी १२ वर आणली. टक्केवारी निम्म्याहून खाली आली आणि रक्कम मात्र वाढली! समुद्रावरच्या वाऱ्याला राजाने फुंकर घातली नव्हती. पण भाव वाऱ्याला आला आणि बढती राजाला मिळाली.

या कायद्यात एक कलम असे आहे, की आमच्यासारख्या करार-वाटाघाटी करणाऱ्या माणसाने ते वाचून टोपी काढावी. कोणत्याही वर्षीची रक्कम आदल्या वर्षापेक्षा कमी होणार नाही. म्हणजे नफा चढला तर राजा चढणार. नफा पडला तर राजा जागच्या जागी राहणार. आम्ही कितीतरी करारांवर सह्या केल्या, पण असे कलम आम्हाला एकाही मालकाने दिले नाही. आमचा महागाई भत्ता निर्देशांकाबरोबर वर जातो, तसा खालीही येतो.

शिवाय या रकमेत बंदोबस्ताचा खर्च धरलेला नाही. तो वेगळा आहे, आणि त्याचा आकडा सरकार सांगत नाही.

याखेरीज दोन मोठ्या जहागिऱ्या आहेत. लँकेस्टरची जहागीर राजाची आणि कॉर्नवॉलची युवराजाची. दुसरी १३३७ साली तिसऱ्या एडवर्डने आपल्या मुलाला दिली. म्हणजे आपल्याकडे बहामनी राज्य स्थापन होण्याच्या दहा वर्षे आधी. ती अजून चालू आहे. दोन्ही मिळून बाप-लेकांना दर वर्षी चार-पाच कोटी पौंडांचे उत्पन्न होते. इतर धंद्यांना लागणारा कंपनी-कर या जहागिऱ्यांना लागत नाही. २०२४ साली तिथल्या वृत्तपत्राने आणि दूरचित्रवाणीने जहागिऱ्यांचे भाडेकरू शोधून काढले. त्यांत सरकारी इस्पितळे निघाली, शाळा निघाल्या, लष्कर निघाले. डार्टमूरच्या तुरुंगासाठी सरकार युवराजाच्या जहागिरीला वर्षाला १५ लाख पौंड भाडे देत होते, आणि तो तुरुंग त्या वेळी रिकामा होता. करदात्याने एका खिशातून नेमणूक द्यायची आणि दुसऱ्या खिशातून भाडे द्यायचे, असा हा व्यवहार आहे.

करांचे पाहा. १८४२ साली प्राप्तीकर बसला तेव्हा व्हिक्टोरिया राणीने तो आपणहून भरला. पुढे तिच्या वंशजांनी एकेक करून तो सोडवून घेतला. १९९२ साली विंडसरच्या किल्ल्याला आग लागली. दुरुस्तीचा खर्च जनतेने सोसावा असे सरकारने सुचवताच लोक खवळले. तेव्हा कुठे १९९३ पासून एलिझाबेथ राणी प्राप्तीकर भरू लागली. तोही कायद्याने नव्हे, स्वखुशीने. वारसाकर मात्र राजाकडून राजाकडे जाणाऱ्या मालमत्तेला नाहीच. सामान्य माणसाची मालमत्ता ठरलेल्या मर्यादेपलीकडे गेली, तर वरच्या भागावर ४० टक्के कर बसतो. २०२२ च्या सप्टेंबरात राणी वारली, आणि तिच्याकडून मुलाला जे आले त्यावर असा कर पडला नाही.

पैशापेक्षा मोठी गोष्ट आहे ती पडद्याची. माहितीच्या अधिकाराचा कायदा इंग्लंडात आहे; पण राजवाडा त्या कायद्याच्या बाहेर आहे. युवराज असताना आताच्या राजाने मंत्र्यांना लिहिलेली पत्रे पाहायला मिळावीत, म्हणून एका वृत्तपत्राला दहा वर्षे झगडावे लागले. २०१५ साली सर्वोच्च न्यायालयाने ती खुली करायला लावली. पण तोवर, २०११ पासूनच, असा पत्रव्यवहार बंद ठेवण्याची कायद्यात तरतूद होऊन चुकली होती. राजाच्या हितसंबंधांना धक्का लावणारे विधेयक पार्लमेंटात मंजूर होण्यापूर्वी त्याची संमती मागण्याचीही चाल आहे. ही चाल केवळ शोभेची, असे सांगितले जाई. २०२१ साली जुने सरकारी कागद बाहेर आले. १९७३ साली राणीच्या वकिलांनी कंपन्यांविषयीच्या एका विधेयकात बदल व्हावा म्हणून सरकारवर वजन टाकले होते, आणि हेतू हा की राणीचे भागभांडवल लोकांना कळू नये.

त्याच वर्षी १९६८ चाही एक कागद उजेडात आला. राजवाड्यात कारकुनाच्या जागेवर काळे स्थलांतरित किंवा परदेशी लोक नेमण्याची पद्धत नाही, असे राणीच्या खर्चखात्याच्या अधिकाऱ्याने सरकारला सांगितल्याची त्यात नोंद होती. वर्णभेदाविरुद्ध कायदा त्याच साली होत होता. राजवाड्याविरुद्धची तक्रार कोर्टात न जाता गृहमंत्र्याकडे जाईल, अशी सोय तेव्हा करून घेण्यात आली.

आणि राजवाड्यातला कामगार? २०१३ साली उघड झाले, की बकिंगहॅम राजवाड्यात उन्हाळ्यात लागणारे सुमारे ३५० नोकर हमखास कामाच्या एकाही तासाच्या हमीशिवाय ठेवलेले होते. गिरणगावातल्या माणसाला हे समजावून सांगावे लागत नाही. आमच्या वडिलांच्या पिढीचा बदली कामगार रोज सकाळी गेटवर उभा राही. कोणी खाडा केला तर आत, नाही तर डबा घेऊन परत घरी. २०१५ साली विंडसरच्या किल्ल्यातल्या नोकरांनी आपल्या युनियनमार्फत मतदान घेतले आणि नेमून दिल्यापलीकडची बिनपगारी कामे बंद करण्याचा कौल दिला. पाहुण्यांना किल्ला दाखवणे, दुभाष्याचे काम, प्रथमोपचार, हे सारे त्यांच्याकडून जादा मोबदल्याविना करून घेतले जात होते. आम्ही ती बातमी वाचली तेव्हा आम्हाला वाटले, ही माणसे तर आपल्याच गेटवरची आहेत.

दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. नेमणुकीच्या रकमेचा वार्षिक अहवाल छापला जातो, आणि सरकारी हिशेबतपासनीस तो तपासतो. माणशी हिशेब केला तर वर्षाला दोन पौंडांच्या आसपास पडतात. एवढ्याने कोणाची चूल विझत नाही. राजाला पाहायला प्रवासी येतात, असेही म्हणतात. येत असतील, पण फ्रान्समध्ये राजा उरला नाही, तरी व्हर्सायच्या राजवाड्यापुढे रांग लागतेच. आणि क्राउन इस्टेट राजाचीच आहे, त्याने ती देशाला दिली, या म्हणण्यात तथ्य नाही. ती गादीची आहे. राजा ती विकू शकत नाही, आणि गादी सोडली तर ती बरोबर नेऊही शकत नाही.

२०२५ च्या ऑक्टोबरात एक भाडेपत्र गाजले. राजाचा धाकटा भाऊ ज्या मोठ्या बंगल्यात राहत होता, त्याचे २००३ चे ते भाडेपत्र. सुरुवातीला त्याने १० लाख पौंड भरले होते आणि दुरुस्तीवर ७५ लाखांचा खर्च पत्करला होता, हे खरे. पण त्यानंतरचे वार्षिक भाडे काय? मागितला तर मिऱ्याचा एक दाणा! ज्या मिऱ्यासाठी युरोपची गलबते आपल्या किनाऱ्याला लागली, तो दाणाही मागितला तरच द्यायचा. मंडळी, आमच्या मते सारे मर्म त्या 'मागितला तर' या दोन शब्दांत आहे. कोणी मागितला नाही. लोकांनी प्रश्न विचारायला सुरुवात केली, आणि महिना संपायच्या आत त्याची पदवी गेली आणि बंगला सोडण्याची नोटीस आली. त्याला इतरही गंभीर कारणे होती. पण विचारण्यात किती बळ असते, हे त्यावरून दिसले.

आपल्या देशाने हा प्रश्न वेगळ्या रीतीने सोडवला. संस्थानिकांच्या तनख्यांची हमी घटनेतच दिलेली होती. १९७० साली ते बंद करण्याचे विधेयक राज्यसभेत एका मताहूनही कमी फरकाने पडले. नंतरचा राष्ट्रपतींचा हुकूम सर्वोच्च न्यायालयाने रद्द केला. अखेर १९७१ साली सव्विसाव्या घटनादुरुस्तीने तनखे आणि मानमरातब दोन्ही गेले. हे चांगलेच झाले. पण तनखे गेले म्हणून आपली हुजरेगिरी गेली काय? नेत्याच्या मुलाच्या लग्नाचा खर्च कोठून झाला, हे आपण विचारतो काय? उत्सवाच्या वर्गणीचा हिशेब फलकावर लागतो काय?

आमच्या युनियनच्या वार्षिक सभेत एकदा एका बदली कामगाराने उठून विचारले, "चहापाण्याचे ३४० रुपये लिहिलेत, त्याची पावती कुठे आहे?" सभेत हशा पिकला. आम्हाला तर रागच आला. रात्रंदिवस राबायचे, आणि हा चहाच्या पैशावरून बोलतो! पावती सापडली नाही. आम्ही ते पैसे पदरचे भरले, आणि त्या रात्री आम्हाला झोप लागली नाही. पुढे कळले, की त्या माणसाने आमच्यावर उपकार केले होते. मालकाला जाब विचारण्याचा आमचा अधिकार त्या ३४० रुपयांवर उभा होता.

राजाला हिशेब विचारला की त्याचा अपमान होतो, असे मानणारे लोक तिथे आहेत, तसे इथेही आहेत. आमचे म्हणणे उलट आहे. ज्याला हिशेब विचारतात त्याला आपण माणसांत धरतो. ज्याला विचारायचेच नाही त्याचा आपण देव तरी करतो, नाही तर चोर तरी. दोन्ही वाईट.

तुम्ही इतका वेळ शांतपणे ऐकून घेतलेत. आता आमचा हिशेब विचारायची तुमची पाळी आहे. जे विचारायचे असेल ते खुशाल विचारा.